शिंपल्यात साठलेला पाऊस

विहिरीचा गाळ उपसताना, पावसाळ्यात नदीची दरड ढासळल्यावर किंवा शेत खोल नांगरताना कधी कधी मातीतून पांढरेशुभ्र शिंपले आणि बारके शंख बाहेर येतात. मुलं ते खिशात भरून शाळेत आणतात आणि विचारतात, "सर, आपल्या गावात पूर्वी समुद्र होता का?" पुष्कळदा या प्रश्नाला 'असेलही, लाखो वर्षांपूर्वी' असं मोघम उत्तर मिळतं. खरं तर आपल्याकडे नदीकाठी मिळणारे बहुतेक शिंपले समुद्रातले नसतातच. ते गोड्या पाण्यातल्या प्राण्यांचे असतात. नदी, तळं, कालवा, भातखाचर अशा ठिकाणी हे प्राणी आजही राहतात.

समुद्राची गोष्ट हातून गेली म्हणून मुलं हिरमुसतील. पण तसं व्हायचं कारण नाही. गोड्या पाण्यातला शिंपला जे सांगू शकतो ते ऐकण्यासारखं आहे. चार हजार वर्षांपूर्वी पाऊस किती पडत होता, एखादं तळं भरलेलं होतं की आटत आलं होतं आणि तो शिंपला पाण्यातून कुणी काढला, असे प्रश्न आम्ही या कवचांना विचारतो. त्यांच्याकडून उत्तरं कशी मिळवायची आणि त्या उत्तरांवर किती भरवसा ठेवायचा, हे या लेखात पाहू.

कवच म्हणजे रोजनिशी

आपल्या तळ्यांत आणि नद्यांत दोन प्रकारची कवचं सहज दिसतात. एक, दोन झडपांचा शिंपला. लॅमेलिडेन्स या नावाचा बोटभर लांबीचा शिंपला आपल्याकडे सर्रास आढळतो. त्याची बाहेरची बाजू तपकिरी-काळपट असते आणि आतली बाजू मोत्यासारखी चमकते. दुसरा प्रकार म्हणजे गोगलगायींचे शंख. त्यांतला एक बारीक, टोकदार, स्क्रूसारखे वेढे असलेला शंख लक्षात ठेवा. त्याचं शास्त्रीय नाव मेलानॉइडिस ट्युबरक्युलाटा. आफ्रिकेपासून आशियापर्यंत उष्ण प्रदेशातल्या तळ्यांत तो मिळतो, आणि पुढच्या गोष्टीत त्याला महत्त्वाचं काम आहे.

आपली हाडं शरीराच्या आत वाढतात आणि आयुष्यभर त्यांची डागडुजी चालू असते. कवचाचं तसं नाही. प्राण्याच्या मऊ अंगाला एक पातळ पडदा असतो. त्याला प्रावार म्हणतात. प्रावाराची कड पाण्यातलं कॅल्शियम आणि विरघळलेला कार्बन घेऊन कॅल्शियम कार्बोनेटचा थर घालते. नवा थर नेहमी कडेला पडतो, आणि एकदा पडलेला थर सहसा बदलत नाही. म्हणजे शिंपल्याचा सांध्याजवळचा फुगीर भाग हे त्याचं बालपण आणि बाहेरची कड हा त्याचा शेवटचा दिवस. शंखाच्या बाबतीत टोक हे बालपण आणि तोंडाची कड हा शेवटचा दिवस.

शिंपल्याच्या पाठीवर कडेला समांतर रेषा दिसतात. थंडी, पाण्याची टंचाई, अन्नाचा तुटवडा अशा काळात वाढ मंदावते किंवा थांबते आणि तिथं ठळक रेषा उमटते. झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजून वय काढतात तसाच हा प्रकार. पण एक सावधगिरी हवी. प्रत्येक रेषा म्हणजे एक वर्ष असं धरता येत नाही. महापुरानं किंवा इजा झाल्यानंही वाढ थांबते. म्हणून नुसत्या रेषा मोजून भागत नाही, रेषांच्या मधल्या पदार्थाला बोलतं करावं लागतं.

जड ऑक्सिजन, हलका ऑक्सिजन

कॅल्शियम कार्बोनेटमध्ये ऑक्सिजन असतो. सगळे ऑक्सिजन अणू सारख्या वजनाचे नसतात. बहुतेकांचा अणुभारांक १६ असतो, पण सुमारे ५०० अणूंत एक अणू १८ भारांकाचा, म्हणजे थोडा जड असतो. १७ भारांकाचेही अणू असतात, पण फारच थोडे. रासायनिक गुणधर्म जवळजवळ सारखे, वजन वेगळं. अशा अणूंना समस्थानिक म्हणतात.

पाण्याच्या रेणूतही कधी हलका ऑक्सिजन असतो, कधी जड. बाष्पीभवन होताना हलके रेणू अधिक सहजपणे उडून जातात, जड रेणू मागे रेंगाळतात. शाळा सुटल्यावर हलकी दप्तरं असलेली मुलं आधी दारापर्यंत पोचतात आणि काही वेळानं वर्गात जड दप्तरंवालीच अधिक उरतात, तसंच काहीसं. एखादं तळं उन्हानं आटत गेलं की त्यात उरलेल्या पाण्यात जड ऑक्सिजनचं प्रमाण वाढत जातं.

पावसाचं याच्या उलट आहे. ढगातल्या वाफेचं पाणी होताना जड रेणू आधी खाली येतात. पाऊस जितका जास्त पडेल तितकी मागे उरलेली वाफ हलकी होत जाते. त्यामुळे भरपूर पावसाच्या काळात पडणारं पाणी सरासरीनं हलकं असतं, तुटपुंज्या पावसाचं पाणी तुलनेनं जड.

आता दोन्ही एकत्र करा. मोसमी पाऊस चांगला झाला तर तळ्यात हलकं पाणी भरपूर येतं. पाऊस कमी झाला तर येणारं पाणीच थोडं जड असतं आणि आटण्यामुळे ते आणखी जड होतं. दोन्ही परिणाम एकाच दिशेनं जातात. तळ्यातली गोगलगाय त्याच पाण्यातून आपलं कवच घडवते, त्यामुळे पाण्यातलं जड-हलक्याचं प्रमाण कवचात नोंदलं जातं.

फरक किती असतो? ऑक्सिजनच्या दहा लाख अणूंमध्ये सुमारे २००० अणू जड असतात. ते २००० ऐवजी २००८ झाले तर आम्ही म्हणतो, प्रमाण 'दर हजारी ४' नं वाढलं. इतका सूक्ष्म फरक मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रावर मोजतात. बारीक ड्रिलनं कवचाची चिमूटभर भुकटी काढायची, तिच्यावर फॉस्फोरिक आम्ल घालायचं आणि निघालेला कार्बन डायऑक्साइड वायू यंत्रात सोडायचा. यंत्र जड आणि हलके रेणू वेगळे करून त्यांचं गुणोत्तर सांगतं. शंखाच्या टोकापासून तोंडापर्यंत ओळीनं अशी भुकटी काढली, तर त्या गोगलगायीच्या आयुष्यातले ऋतू एकामागून एक वाचता येतात.

ही कल्पना मूळची हॅरल्ड युरी यांची. जड हायड्रोजनच्या शोधाबद्दल १९३४ सालचं नोबेल पारितोषिक मिळवणारे हे रसायनशास्त्रज्ञ. कवचातल्या ऑक्सिजनवरून प्राचीन समुद्राचं तापमान काढता येईल, असं त्यांनी १९४७ साली मांडलं. १९५१ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेलेम्नाइट या माकूळ-वर्गातल्या जीवाश्माचे थर मोजून दाखवले. त्या प्राण्यानं किती उन्हाळे आणि किती हिवाळे पाहिले होते आणि कोणत्या ऋतूत तो मेला, एवढं त्यांना त्या दगडातून वाचता आलं.

एक मोजमाप, दोन कारणं

इथं चौकस विद्यार्थी अडवेल, आणि त्यानं अडवावंच. युरींनी मोजलं ते तापमान, आणि आपण बोलतो आहोत पावसाबद्दल. मग कवचातला ऑक्सिजन नक्की काय सांगतो?

दोन्ही सांगतो, आणि अडचण तीच आहे. कवचातलं प्रमाण पाण्याच्या प्रमाणावर अवलंबून असतं, तसंच कवच बनतानाच्या तापमानावरही. पाणी तेच राहिलं आणि तापमान सुमारे ४ अंश सेल्सियसनं उतरलं, तर कवचातलं जड ऑक्सिजनचं प्रमाण दर हजारी १ नं वाढतं. समुद्राचं पाणी अफाट असल्यामुळे त्याचं प्रमाण फारसं हलत नाही, म्हणून तिथं तापमानाकडे जाता येतं. तळ्याचं मात्र उलट. बाहेर वाट नसलेल्या, म्हणजे पाणी फक्त वाफ होऊनच जाऊ शकेल अशा तळ्यात पाण्याचंच प्रमाण इतकं बदलतं की तापमानाचा वाटा त्यापुढे किरकोळ ठरतो. ज्या तळ्यातून पाणी सतत वाहून जातं, त्यात आटण्याचा परिणाम साचत नाही. नदीतल्या शिंपल्यात वरच्या खोऱ्यात पडलेल्या पावसाची खूण असते. म्हणून आम्ही कवच हाती घेतलं की पहिला प्रश्न विचारतो, हे कोणत्या पाण्यातलं? या प्रश्नाचं उत्तर नसेल तर पुढचे आकडे कितीही अचूक असले तरी त्यांचा अर्थ लागत नाही.

आणखी एक खात्री आधी करावी लागते. गोगलगाय पाण्याशी प्रामाणिक आहे का? कवच घडवताना ती स्वतःच ऑक्सिजनचं प्रमाण बदलत असेल तर सगळंच मुसळ केरात. म्हणून जिवंत गोगलगायी आणि त्यांच्या भोवतीचं पाणी एकत्र मोजून पाहतात. मेलनी लेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली इथिओपियातल्या रिफ्ट खोऱ्याच्या सरोवरांमधल्या आजच्या आणि हजारो वर्षांपूर्वीच्या मेलानॉइडिस शंखांचा शेजारी-शेजारी ठेवून असाच अभ्यास केला. आज कळतं त्यावरून कालचं वाचायचं, ही त्यातली रीत.

कोटला डाहरचं तळं

हरियाणातल्या मेवात भागात कोटला डाहर नावाचा खोलगट प्रदेश आहे. हजारो वर्षांपूर्वी तिथं सरोवर होतं, आणि त्या सरोवराला बाहेर जायची वाट नव्हती. म्हणजे आपल्याला हवं तसंच. हडप्पा संस्कृतीच्या वस्त्या जिथवर पसरल्या होत्या, त्या प्रदेशाच्या ईशान्य कडेला हे ठिकाण येतं.

केंब्रिज विद्यापीठातल्या यशस्विनी दीक्षित, डेव्हिड हॉडेल आणि कॅमेरॉन पेट्री यांनी तिथल्या गाळाच्या थरांतून गोगलगायींचे शंख वेचले. खालच्या थरातले शंख जुने, वरच्या थरातले नवे. प्रत्येक थरातल्या शंखांचा ऑक्सिजन त्यांनी मोजला आणि २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे साडेसहा हजार वर्षांपूर्वी सरोवर खोल होतं. पुढे ते उथळ होत गेलं. आणि सुमारे ४१०० वर्षांपूर्वीच्या थरात शंखांमधलं जड ऑक्सिजनचं प्रमाण दर हजारी ४ नं उडी मारून वर गेलं.

ही उडी थंडीमुळे असेल का? वरचं गणित लावून पाहा. दर हजारी १ साठी सुमारे ४ अंश, म्हणजे दर हजारी ४ साठी जवळजवळ १६-१७ अंश सेल्सियस. हरियाणातलं तळं एकाएकी इतकं गार झालं असं मानायला काहीच आधार नाही. उरतं ते पाणी. पाऊस घटला, बाष्पीभवन त्याला वरचढ झालं आणि सरोवर आटलं, हाच अर्थ लागतो. उन्हाळी मोसमी पाऊस त्या भागात कमजोर झाला होता.

सुमारे त्याच काळात जगातल्या इतर काही ठिकाणीही कोरडेपणाच्या खुणा मिळतात. मेघालयातल्या मॉम्लुह गुहेतल्या चुनखडीच्या स्तंभात हा बदल इतका स्पष्ट आहे की, गेल्या सुमारे ४२०० वर्षांच्या भूशास्त्रीय कालखंडाला २०१८ साली 'मेघालयन' असं नाव देण्यात आलं.

मग हडप्पा संस्कृती दुष्काळानं बुडाली का?

शिक्षकांना हा प्रश्न वर्गात हटकून विचारला जातो, आणि एका वाक्यात उत्तर देण्याचा मोह होतो. तो टाळावा. पुरावा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे वेगवेगळं मांडून पाहू.

हडप्पा संस्कृतीची मोठी शहरं साधारणपणे इसवी सनपूर्व २६०० ते १९०० या काळात भरभराटीत होती. कोटला डाहरची उडी ४१०० वर्षांपूर्वीची, म्हणजे इसवी सनपूर्व २१५० च्या आसपासची. दोन्हीकडच्या कालमापनात चूक असू शकते. ती चूक जमेस धरली तर पाऊस कमजोर होण्याचा काळ आणि शहरं ओस पडू लागण्याचा काळ एकमेकांजवळ येतात. म्हणून संशोधकांनी लिहिलं ते इतकंच की, हवामानबदलाचा या बदलात वाटा असू शकतो. 'वाटा असू शकतो' आणि 'त्यामुळेच झालं' यांत मोठं अंतर आहे.

दुसरं असं की, एक तळं म्हणजे अख्खा प्रदेश नव्हे. कोटला डाहर स्थानिक मोसमी पावसावर अवलंबून होतं. सिंधू नदीकाठच्या मोहेंजोदडोला हिमालयाकडून येणारं पाणी मिळत होतं. पश्चिमेकडच्या काही वस्त्यांना हिवाळी पावसाचाही आधार होता. सगळ्यांवर एकाच दिवशी एकाच प्रकारचं संकट आलं असं हा शंख म्हणत नाही.

तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची. शहरं ओसरली, माणसं संपली नाहीत. लोक लहान गावांतून राहू लागले, आणि पूर्वेकडे, जिथं पावसाचा भरवसा अधिक होता तिथं, वस्त्या वाढल्या. पिकांमध्ये गहू-जवाबरोबर कमी पाण्यावर येणारी भरडधान्यंही होती, तांदूळही होता. पेट्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं की, या भागातले शेतकरी मुळातच लहरी पावसाशी जुळवून घेत जगत होते. मराठवाड्यातल्या किंवा माणदेशातल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पाऊस दगा देतो तेव्हा माणूस पीक बदलतो, गाव बदलतो, कामधंदा बदलतो. 'संस्कृती बुडाली' या दोन शब्दांत हे सगळं पुसून जातं.

शिंपला फसवतो तेव्हा

आतापर्यंत कवचाचे गुण गायले. त्याचे दोन दोष सांगितल्याशिवाय हिशेब पुरा होणार नाही.

पहिला दोष बदलण्याचा. गोड्या पाण्यातली बहुतेक कवचं कॅल्शियम कार्बोनेटच्या ॲरॅगोनाइट या रूपाची असतात. हे रूप फारसं टिकाऊ नाही. जमिनीत पडून राहिल्यावर, झिरपणाऱ्या पाण्यानं ते विरघळून कॅल्साइट या दुसऱ्या रूपात पुन्हा जमू शकतं. तसं झालं की मूळची नोंद पुसली जाते आणि तिच्या जागी भूजलाची नोंद येते. बाहेरून शिंपला तसाच दिसतो! सुदैवानं क्ष-किरणांनी ही दोन रूपं वेगळी ओळखता येतात. ॲरॅगोनाइट शाबूत असेल तरच पुढचं मोजमाप करायचं.

दुसरा दोष वयाचा. शंखात कार्बन असतो, तेव्हा कार्बन-१४ पद्धतीनं त्याचं वय काढता येईल असं वाटतं. पण तळ्यातला सगळा कार्बन हवेतून येत नाही. पाणी चुनखडीच्या खडकातून झिरपून आलं असेल तर त्यात लाखो वर्षांपूर्वीचा कार्बन मिसळतो, आणि त्यात कार्बन-१४ शिल्लकच नसतो. समजा, कवचातला एक पंचमांश कार्बन असा 'मेलेला' असेल, तर आज जिवंत असलेली गोगलगाय सुमारे १८०० वर्षांची भरेल! ही थट्टा नाही. नद्यांमधल्या कवचांच्या वयात अशी काही हजार वर्षांचीही चूक पडू शकते, असा इशारा कीथ आणि अँडरसन यांनी १९६३ सालीच दिला होता. म्हणून शक्य तिथं त्याच थरातला कोळसा किंवा धान्याचा जळका दाणा शोधतात आणि शिंपल्याचं वय त्याच्याशी ताडून पाहतात. चार हजार वर्षांपूर्वीच्या घटनेत दोन-चार शतकांचा फरक पडला तर कारण आणि परिणाम यांची जागाच उलटी होऊ शकते, हे ध्यानात घेतलं की या काटेकोरपणाचं मोल कळतं.

शिंपला कुणी खाल्ला?

आता माणसाकडे वळू. नदीकाठी शिंपल्यांचा ढीग सापडला तर तो माणसांनी केला, पाणमांजरानं केला की पुरानं आणून टाकला, हे कसं ओळखायचं?

पुरानं वाहून आणलेल्या ढिगात लहान-मोठे सगळे आकार मिळतात, पिल्लांची कवचंही मिळतात. माणूस मात्र निवडून घेतो, आणि मोठे, मांसल शिंपले घेतो. सोबत राख, जळकी हाडं, दगडी हत्यारं असतील तर शंका उरत नाही. आणि शिंपल्याच्या अगदी कडेच्या थरातला ऑक्सिजन मोजला तर तो कोणत्या ऋतूत पाण्यातून काढला तेही कळू शकतं. एखाद्या ढिगातले सगळे शिंपले उन्हाळ्यातले निघाले, तर ती माणसं तिथं वर्षभर राहत नसावीत, पाणी उतरल्यावर येत असावीत, असा तर्क करता येतो.

कधी कधी तर यंत्राचीही गरज नसते. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात विलँड्रा सरोवरं नावाचा ओसाड, वालुकामय प्रदेश आहे. गेली सुमारे पंधरा हजार वर्षं ती सरोवरं कोरडी आहेत. पण त्यांच्या जुन्या काठांवर माणसांनी खाऊन टाकलेल्या गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचे ढीग आहेत. शिंपले होते म्हणजे गोडं पाणी होतं, ढीग आहेत म्हणजे माणसं होती. हवामान आणि माणूस, दोन्हींची साक्ष एकाच ढिगात.

जावा बेटावरची नागमोडी रेघ

या विषयातली सर्वांत चक्रावून टाकणारी गोष्ट मात्र इंडोनेशियातली आहे. १८९१ साली युजेन डबॉइस या डच लष्करी डॉक्टरनं जावा बेटावर सोलो नदीकाठी त्रिनिल इथं खोदकाम केलं. कष्टाचं काम वेठीला धरलेल्या कैद्यांनी केलं. तिथं कवटीचा वरचा भाग सापडला. आज आपण त्या मानवजातीला होमो इरेक्टस म्हणतो. त्या ठिकाणचे शिंपलेही डबॉइसनं गोळा केले होते. कवटी जगप्रसिद्ध झाली आणि शिंपले नेदरलँड्समधल्या लायडनच्या संग्रहालयात खोक्यांत पडून राहिले. शंभरहून अधिक वर्षं!

पुढे जोसेफिन योर्डेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते खोके उघडले. स्युडोडॉन नावाच्या गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश शिंपल्यांना लहानसं भोक होतं, आणि बहुतेक भोकं एकाच ठरावीक जागी होती. त्या जागी का? इथं शिंपल्याची शरीररचना माहीत हवी. शिंपल्याच्या सांध्याला एक लवचीक पट्टी असते. ती स्प्रिंगसारखी दोन्ही झडपांना उघडायला बघते. झडपा मिटून धरण्याचं काम स्नायू करतात. म्हणूनच कोकणात तिसऱ्या वाफेवर ठेवल्या की स्नायूंची पकड सुटून त्या आपोआप उघडतात. त्रिनिलच्या शिंपल्यांतली भोकं अगदी या स्नायूच्या जागेवर होती. त्याच जागेतून मिळालेल्या शार्क माशांच्या दातांसारखा दात घेऊन संशोधकांनी आजच्या शिंपल्यांवर प्रयोग केला. दात टेकवून गरगर फिरवला की तसंच भोक पडतं, स्नायू दुखावतो आणि कवच न फोडता शिंपला उघडता येतो. पाणमांजर किंवा उंदीर असं करत नाही. ज्यानं हे केलं त्याला स्नायू कुठं आहे हे ठाऊक होतं. शिवाय शिंपले मोठ्या आकाराचे, निवडलेले वाटावेत असे होते, आणि एका शिंपल्याची कड हत्यारासारखी वापरून गुळगुळीत झाली होती.

त्याहून मोठं नवल पुढेच होतं. २००७ साली स्टीफन मन्रो यांनी या शिंपल्यांची छायाचित्रं घेतली होती. ती पाहताना एका शिंपल्यावर कोरलेली नागमोडी रेघ त्यांच्या नजरेस पडली. रेघेवरची झीज कवचाइतकीच जुनी होती, म्हणजे शिंपला गाळात पुरला जाण्याआधीच ती कोरली होती. वळणांवर हात उचलल्याच्या खुणा नव्हत्या. ताजा शिंपला बाहेरून काळसर असतो, त्यामुळे ती रेघ तेव्हा पांढरी ठसठशीत दिसली असणार. शिंपल्यांच्या आत अडकलेल्या गाळाचं वय काढलं तेव्हा ते सुमारे ५ लाख ४० हजार ते ४ लाख ३० हजार वर्षांच्या दरम्यान निघालं. तोवर माहीत असलेल्या जुन्या भौमितिक रेघा दक्षिण आफ्रिकेतल्या होत्या आणि त्या एक लाख वर्षांपलीकडच्या नव्हत्या. हा शोध २०१४ सालच्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला.

ती रेघ चित्र होतं, खूण होती की हाताला चाळा होता? शिंपला ते सांगत नाही. तो इतकंच सांगतो की, ठाम हातानं, जाणूनबुजून, बऱ्यापैकी जोर लावून कुणीतरी ती काढली. 'आपल्यासारखी' माणसं पृथ्वीवर यायच्या आधी. त्रिनिलचे थर डबॉइस समजत होता त्याहून गुंतागुंतीचे आहेत, हे २०२३ सालच्या अभ्यासातून पुढे आलं. त्यामुळे कोणता जीवाश्म नक्की कोणत्या थरातला ही चर्चा चालूच राहील. आणि २०२५ साली नेदरलँड्सनं डबॉइसचा संग्रह इंडोनेशियाला परत देण्याचा निर्णय जाहीर केला.

वर्गात करून पाहण्यासारखं

यातला बराच भाग यंत्राशिवाय मुलांना अनुभवता येतो.

१. रिकामे शिंपले गोळा करा; जिवंत प्राण्यांना पाण्यातच राहू द्या. भिंगातून वाढीच्या रेषा पाहा आणि सर्वांत जुना व सर्वांत नवा भाग मुलांना ओळखायला सांगा.

२. शिंपल्याच्या तुकड्यावर व्हिनेगर टाका. येणारे बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे. ते चुन्याच्या निवळीतून नेले तर निवळी दुधाळ होते. प्रयोगशाळेत फॉस्फोरिक आम्ल घालून मिळवतात तो हाच वायू.

३. दोन सारख्या भांड्यांत मीठ घातलेलं सारखंच पाणी घ्या. एक उन्हात आटू द्या. दुसरं काठोकाठ भरून त्यात रोज साधं पाणी ओतत राहा आणि जादा पाणी बाहेर वाहू द्या. आठवड्यानं दोन्हींची चव घ्या. मिठाच्या जागी जड ऑक्सिजन आहे अशी कल्पना केली की, बाहेर वाट नसलेलं तळं आणि वाहतं तळं यांतला फरक लगेच उमगतो.

४. नदीकाठच्या पन्नास शिंपल्यांची लांबी पट्टीनं मोजा आणि स्तंभालेख काढा. मग विचारा, हेच शिंपले कुणी खाण्यासाठी निवडून आणले असते तर आलेख कसा दिसला असता?

चौथ्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही. मुलं वाद घालतील, पुरावा मागतील, 'पण कशावरून?' असं एकमेकांना विचारतील. त्यांना विचारू द्या. कोटला डाहरच्या शंखांपुढे आणि त्रिनिलच्या शिंपल्यापुढे बसल्यावर आम्हालाही तोच प्रश्न पडतो.